‘शिरोळ रोड’चे जयसिंगपूर कसे झाले?

एखादे गाव प्राचीन असले, की त्याचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे मोठी हौस असते. देवळातला शिलालेख, एखादा ताम्रपट, पुराणातली एखादी कथा यांच्या आधारे गावाचे वय मागे मागे नेण्यात गावकऱ्यांना अभिमान वाटतो, आणि तो अस्थानी आहे असेही नाही. करवीर क्षेत्राच्या परिसरात तर अशा गावांची वाण नाही. परंतु ज्या गावाचे वय शंभरीच्या थोडेसेच पुढे गेले आहे, जे कोणी व कशासाठी वसविले हे स्पष्ट सांगता येते, त्या गावाच्या जन्माची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर हे असे एक गाव आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरच्या या गावाला ना गढी, ना वेस, ना जुन्या पांढरीची ओळख. रेल्वेच्या रुळांशेजारी, उदगाव आणि चिपरी या जुन्या गावांच्या परिसरात, ते मुद्दाम आखून वसविण्यात आले.

रेल्वे आली म्हणून गाव झाले, असे अशा गावांबद्दल सर्रास सांगितले जाते. शाळेच्या पुस्तकांतून, सभासमारंभांतल्या भाषणांतून हे विधान इतक्या वेळा कानांवर पडते, की ते तपासून पाहावे असे आपल्याला वाटत नाही. वस्तुतः जयसिंगपूरची हकीकत नेमकी याच्या उलट आहे. तेथे रेल्वे आली, पण गाव आले नाही. गाव यायला त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि ते आपोआप आले नाही. आज या जिल्ह्यात नवे महामार्ग आणि नवे लोहमार्ग यांची चर्चा चालू असताना हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

स्थानक होते, गाव नव्हते

कोल्हापूर ते मिरज हा सुमारे २९ मैलांचा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला. त्याच्या कामाचा प्रारंभ ३ मे १८८८ रोजी शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा महाराजांना चौदा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. ते राजकोटला शिकत होते आणि संस्थानाचा कारभार इतरांच्या हाती होता. १८९१ च्या एप्रिलमध्ये हा मार्ग वाहतुकीला खुला झाला आणि सदर्न मराठा रेल्वे कंपनीने तो चालविण्यास घेतला. मार्ग मीटर गेजचा होता. मिरजेला तो मुख्य मार्गाला मिळत असल्यामुळे कोल्हापूरचा माल एकीकडे पुण्याकडे व दुसरीकडे बेळगावकडे जाऊ लागला.

मिरज सोडून कृष्णा ओलांडली, की पहिले महत्त्वाचे स्थानक लागे ते ‘शिरोळ रोड’. या नावातील ‘रोड’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. ज्या गावापर्यंत रूळ नेणे सोयीचे नसे, त्या गावाला जाणारा रस्ता जेथून जवळ पडेल तेथे स्थानक बांधायचे आणि त्याला गावाचे नाव देऊन पुढे ‘रोड’ जोडायचे, अशी रेल्वे कंपन्यांची पद्धत होती. शिरोळ हे तालुक्याचे जुने ठाणे काही मैल दूर होते. शिरोळ, नृसिंहवाडी किंवा कुरुंदवाड येथे जाणारा उतारू येथे उतरे आणि पुढचा प्रवास बैलगाडीने, टांग्याने किंवा पायी करी. स्थानकाची इमारत होती, फलाट होता, गाड्या थांबत होत्या. गाव मात्र नव्हते. इतकेच काय, स्थानकाला स्वतःचे म्हणावे असे नावही नव्हते. दुसऱ्या गावाच्या वाटेवरचे एक उतरण्याचे ठिकाण, एवढीच त्याची ओळख होती.

ही स्थिती एक-दोन वर्षे नव्हे, तर सुमारे पाव शतक टिकली. केवळ रेल्वेमुळे गावे वसत असती, तर या पंचवीस वर्षांत तेथे काही ना काही उभे राहायला हवे होते.

व्यापाराचा प्रवाह कोणीकडे?

या मुलखाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला, तर त्या वेळचा खरा प्रश्न काय होता हे समजते. शिरोळचा परिसर हा कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या काठचा काळ्या जमिनीचा मुलूख आहे. येथला शेतकरी पिकवण्यात कधी कमी नव्हता. तंबाखू, भुईमूग, मिरची, गूळ ही येथली विक्रीची पिके. पण पिकवलेला माल विकण्यासाठी त्याला नदीपलीकडे, सांगली-मिरजेच्या पेठांकडे पाहावे लागे. या पेठा अंतराने अगदी जवळ होत्या; राज्यकारभाराच्या दृष्टीने मात्र परक्या होत्या. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची स्वतंत्र संस्थाने होती. जवळचे कुरुंदवाडही तसेच. म्हणजे माल कोल्हापूर संस्थानातल्या शेतकऱ्याचा, त्यावरची दलाली, हमाली, गाडीभाडे, साठवणूक आणि पतपेढीचा व्यवहार मात्र दुसऱ्या संस्थानात, अशी ही परिस्थिती होती. शेतमालाचा पैसा ज्या पेठेत फिरतो, त्या पेठेच्या भोवती शाळा, दवाखाने आणि कारखाने उभे राहतात, हे आपण आजही पाहतो.

या प्रश्नाचा विचार शाहू महाराजांनी अधिकारावर आल्यापासूनच केलेला दिसतो. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९५ मध्ये, कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविण्यास त्यांनी आरंभ केला. कोल्हापूरच्या गुळाला नाव मिळवून देणारी हीच ती पेठ. १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. १९०८ मध्ये राधानगरी हे गाव वसविण्यात आले आणि पाठोपाठ भोगावती नदीवरील धरणाच्या कामास हात घातला गेला. पाणी, पेठ आणि कारखाना अशी ही साखळी आहे. १९१७ च्या सुमारास ‘शिरोळ रोड’ स्थानकाशेजारी नवे गाव वसविण्याचा जो निर्णय झाला, तो याच साखळीतला पुढचा दुवा होता. गावाला नाव दिले गेले ते महाराजांचे जनक पिता, कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचे. रेल्वे येण्यापूर्वी काही वर्षे संस्थानाचे रीजंट म्हणून त्यांनी काम पाहिले होते, आणि १८८६ मध्येच ते निवर्तले होते.

आधी आखणी, मग वस्ती

जयसिंगपूरच्या जुन्या भागातून फिरणाऱ्या नवख्या माणसाच्या लक्षात एक गोष्ट चटकन येते. येथले रस्ते सरळ आहेत आणि ते एकमेकांना काटकोनात छेदतात. गल्ल्यांना क्रमांक आहेत. आपल्या बहुतेक गावांत पत्ता सांगायचा तर मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, अमक्याचा वाडा अशा खुणा सांगाव्या लागतात. जयसिंगपुरात गल्लीचा क्रमांक सांगितला की काम भागते. घरे आधी व रस्ते नंतर, हा आपल्या गावांचा नित्याचा क्रम आहे. येथे तो उलटा होता. रस्ते, पेठ, वखारींच्या जागा कागदावर आखल्या गेल्या, व्यापाऱ्यांना जागा व सवलती देऊन बोलावण्यात आले आणि मग वस्ती झाली. मालाने भरलेली बैलगाडी वळवता येईल इतका रस्ता रुंद असला पाहिजे, ही साधी गोष्ट आखणाऱ्याच्या डोक्यात होती, असे ते रस्ते पाहिले म्हणजे वाटते.

जागेची निवडही विचार करण्यासारखी आहे. नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि त्या भागातील अनेक जुनी गावे नदीच्या काठाला आहेत. पाणी आणि तीर्थ या दोन्ही कारणांनी ते स्वाभाविकच होते. जयसिंगपूर मात्र रुळांच्या बाजूला, नदीपासून अंतर राखून आणि तुलनेने उंचावर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी शिरोळ तालुक्याची कशी दैना केली हे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठची गावेच्या गावे पाण्याखाली गेली, तेव्हा कित्येक कुटुंबांना आसरा मिळाला तो जयसिंगपुरात. पेठेसाठी निवडलेली जागा शंभर वर्षांनंतर पूरग्रस्तांच्याही उपयोगी पडली.

त्याच रुळांवरची इतर गावे

हे सारे एकट्या जयसिंगपूरपुरते आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर याच लोहमार्गावर मिळते. जयसिंगपूरहून हातकणंगल्याकडे जाताना निमशिरगाव-तमदलगे नावाचे छोटे स्थानक लागते. दोन गावांची नावे जोडून झालेले हे स्थानक आजही छोटेच आहे. तेच रूळ, तोच मुलूख, तसेच कष्टाळू शेतकरी. पण पेठ वसविण्याचा निर्णय तेथे झाला नाही आणि गावही झाले नाही.

आणखी पुढे कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, त्यात मुख्यतः स्त्रिया व मुलांची, छावणी तेथे १९४३ ते १९४८ या काळात होती. तीत त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, दवाखाना होता. ते लोक गेल्यानंतर फाळणीमुळे आलेल्या सिंधी निर्वासितांना तेथे वसविण्यात आले. आज कापडाच्या घाऊक व्यापारासाठी सर्वत्र माहीत असलेले गांधीनगर ते हेच. तेथेही लोहमार्ग अर्धशतक आधीपासून होता. वस्ती झाली ती माणसांना कोठे तरी ठेवले पाहिजे, असे कोणी तरी ठरविले तेव्हा.

मिरजेहून पुण्याच्या दिशेने गेले तर आणखी दोन दाखले मिळतात. ‘कुंडल रोड’ हे जयसिंगपूरच्या जुन्या नावासारखेच, दुसऱ्या गावाच्या नावावर चालणारे स्थानक होते. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्या स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेले माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले. कराडच्या स्थानकालगत ओगले बंधूंच्या काच कारखान्यामुळे ओगलेवाडी वसली, तीही याच दशकातली गोष्ट. एके ठिकाणी राजा होता, दुसऱ्या ठिकाणी राजाश्रय मिळालेला कारखानदार होता. लोहमार्ग सर्वांनाच उपलब्ध होता. त्याचा उपयोग कशासाठी करायचा हे ज्यांनी ठरविले, त्यांची गावे झाली.

राजाची इच्छा की राज्याचे धोरण?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. संस्थानिकाने मनात आणले आणि गाव वसविले, यात आजच्या लोकशाहीने घेण्यासारखे काय आहे? राजाला ना निवडणूक, ना विरोधी पक्ष, ना न्यायालयाची स्थगिती. शिवाय अशा पेठांचा लाभ प्रथम झाला तो व्यापाऱ्यांना. शेतकरी आधी परक्या पेठेत अडत देत होता, तो आता आपल्या पेठेत देऊ लागला, एवढाच फरक पडला, असेही म्हणता येईल.

या आक्षेपात तथ्य आहे. पेठ झाली म्हणून भाव मिळतोच असे नाही. म्हणूनच पुढे बाजार समित्यांचे कायदे करावे लागले. आपल्या राज्याचा कायदा १९६३ चा आहे. सहकारी साखर कारखाने निघाले, त्यांतून शिरोळचे अर्थकारण पालटले आणि तंबाखू-भुईमुगाची जागा उसाने घेतली. तरीही भावाचा प्रश्न सुटला नाही. गेली दोन दशके दर वर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते ती जयसिंगपुरातच, आणि उसाला पहिली उचल किती मिळावी याची मागणी तेथून केली जाते. शेतमालाच्या विक्रीसाठी जे गाव वसविले गेले, तेथेच शेतकऱ्याने आपल्या मालाचा दर मागावा, यात एक प्रकारची सुसंगती आहे. पेठ नसती तर दराचे भांडण करायलाही त्याला परगावी जावे लागले असते.

आणि राजाच्या लहरीबद्दल बोलायचे तर काळाकडे पाहावे. जयसिंगपूर वसविले गेले त्याच सुमारास, १९१७ मध्येच, कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला. महाराजांचे समाजकार्य सर्वांना परिचित आहे आणि दर वर्षी २६ जूनला आपण त्याचे स्मरण करतो. परंतु त्यांचे अर्थकारण हे या समाजकार्याहून निराळे होते, असे समजणे चुकीचे ठरेल. कुणब्याच्या मुलाने शाळेत जायचे तर त्याच्या बापाच्या हाती चार पैसे राहिले पाहिजेत, आणि ते राहायचे तर त्याच्या मालाला जवळ पेठ पाहिजे. शाळेचा हुकूम आणि पेठेची आखणी ही एकाच विचाराची दोन अंगे होती. याला लहर म्हणता येत नाही, हे धोरण होते.

आजचे रस्ते, आजचे निर्णय

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी याच भागातून, चोकाकपासून अंकलीपर्यंत, जमिनी घेण्याचा विषय निघाला तेव्हा शेतकऱ्यांनी चौपट भरपाईसाठी दीर्घकाळ लढा दिला. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीविरुद्ध २०२४ पासून या जिल्ह्यात मोर्चे निघाले. कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्गाला २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली आणि तेव्हापासून प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी त्याच्या तरतुदीची चर्चा होते. या सर्व वादांत दोनच प्रश्न ऐकू येतात. सरकार विचारते, किती तास वाचतील? शेतकरी विचारतो, गुंठ्याला किती मिळतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्याची काळी जमीन कायमची जाणार त्याने मोबदल्यासाठी भांडू नये, असे कोणीही म्हणणार नाही.

पण तिसरा एक प्रश्न आहे आणि तो कोणीच विचारीत नाही. हा रस्ता किंवा हा रूळ ज्यांच्या शिवारातून जाईल, त्यांना त्याचा उपयोग कोठे व कसा होणार? महामार्गाला कुंपण असते. त्यावरून जाणारा माल मोठ्या शहरांचा असतो. जेथे चढण्या-उतरण्याची सोय होते तेथे काय घडते हे आपण रोज पाहतो. जमिनीचे तुकडे पाडून विकले जातात, दुतर्फा ढाबे, गाळे आणि मंगल कार्यालये उभी राहतात, सांडपाणी ओढ्यात सुटते, आणि दहा वर्षांनी नगरपालिका व ग्रामपंचायत रस्ता रुंद कसा करावा या विवंचनेत पडतात. शेतमालासाठी वखार नाही, शीतगृह नाही, शाळेला मैदान नाही. जयसिंगपूरही याला अपवाद राहिलेले नाही. जुन्या आखलेल्या गल्ल्या ओलांडून बाहेरच्या वसाहतींत गेले, की तो सरळपणा संपतो. आपल्या पूर्वजांनी बैलगाडीसाठी जेवढी दूरदृष्टी दाखविली, तेवढी आपण मोटारीसाठीही दाखवू शकलो नाही.

राजा नाही म्हणून आपले हात बांधलेले आहेत, असे मात्र नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ पासून अस्तित्वात आहे. विकास आराखडे करण्याचा, बाजार, शाळा व मैदानासाठी जागा राखून ठेवण्याचा अधिकार त्याने दिलेला आहे. पंचायती व नगरपालिकांना १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी घटनात्मक स्थान मिळाले. साधने महाराजांच्या काळापेक्षा आज अधिक आहेत. उणीव आहे ती आधी ठरविण्याच्या सवयीची. राखून ठेवलेल्या जागांवरचे आरक्षण उठविण्यात जेवढी तत्परता दिसते, तेवढी ते आरक्षण अमलात आणण्यात दिसत नाही.

म्हणून वैभववाडीच्या मार्गावर ज्या दिवशी स्थानकांच्या जागा निश्चित होतील, त्याच दिवशी तेथील पेठेच्या, वखारीच्या आणि शाळेच्या जागाही निश्चित झाल्या पाहिजेत. जेथे महामार्गाला गावांकडून वाट मिळणार असेल, तेथे बाजार समितीला आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना आधी जागा मिळाली पाहिजे; उरलेली जागा इतरांना. ज्यांची जमीन जाते त्यांना मोबदल्याबरोबर त्या नव्या पेठेत गाळा किंवा भूखंड मिळाला, तर मोबदल्याचे पैसे संपल्यावरही त्यांच्या हाती काही राहील. ही मागणी ग्रामसभांनी ठराव करून करावी, आणि ती मोबदल्याच्या मागणीइतक्याच जोराने करावी.

मिरजेहून येणारी गाडी आजही कृष्णा ओलांडून जयसिंगपूरला थांबते. मीटर गेज १९७१ मध्ये गेले, वाफेची इंजिने गेली, आता विजेवर गाड्या धावतात. त्या फलाटावर उतरणारा आजचा उतारू दुसऱ्या गावाला जाण्यासाठीच उतरतो असे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार पन्नास हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या एका गावात तो उतरतो. सुमारे पंचवीस वर्षे ‘शिरोळ रोड’ म्हणून ओळखल्या गेलेल्या जागेला हे भाग्य लाभले, कारण रूळ टाकणाऱ्यांचे काम संपल्यानंतर त्या रुळांचे काय करायचे याचा विचार कोणी तरी केला. आपण आज जे रस्ते आणि रूळ टाकणार आहोत, त्यांच्याबाबत हा विचार पंचवीस वर्षे थांबून करावयाचा, की काम सुरू होण्यापूर्वीच, एवढेच आता ठरवायचे आहे.